आर्थर रॅकहॅमची शैली अभ्यासायची तर आधी रेषा, मग रंग

आर्थर रॅकहॅम (1867–1939) या इंग्रज चित्रकाराच्या अभ्यासाला बसणारे बहुतेक जण तपकिरी रंग आणि वेड्यावाकड्या मुळ्यांपासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात. त्याच्या चित्राचा सगळा भार रेषेवर असतो. रंग मागून येतो, तोही हलक्या हाताने.

पुस्तकांमुळे गाजण्याआधी तो नियतकालिकांसाठी काळ्या-पांढऱ्यात चित्रं काढायचा. 1905 सालचं ‘रिप व्हॅन विंकल’ आणि 1906 सालचं ‘पीटर पॅन इन केन्सिंग्टन गार्डन्स’ यांतली रंगीत चित्रं तीनरंगी हाफटोनने (बारीक ठिपक्यांच्या छपाईने) गुळगुळीत कागदावर वेगळी छापून पुस्तकात चिकटवलेली होती. या छपाईत रंगाची धार मवाळ होते. शाईची रेषा मात्र आकार धरून ठेवते.

नमुना निवडताना जपा. शंभर वर्षं जुन्या पानाचं पिवळेपण अनेकजण चित्रकाराच्या खाती जमा करतात. चित्र ज्या कागदावर छापलंय त्याचा कोरा काठ पाहा; तोच पिवळट असेल तर तेवढी छटा वजा करा. संग्रहालयाने केलेलं मूळ चित्राचं स्कॅन मिळालं तर फारच उत्तम.

पहिले काही दिवस रंगांना हात लावू नका. झाडाच्या बुंध्याचा एखादा लहानसा तुकडा दुप्पट मोठा करा आणि फक्त टाक-शाईने उतरवा. बाह्यरेषा सलग नसते, हे लगेच लक्षात येईल. उजेड पडतो तिथे ती तुटते, खालच्या बाजूला जाड होते. आतल्या बारीक रेघा सालीच्या वळणाने जातात, आणि मूळ वळतं तिथे कोपरासारखा सांधा असतो. त्याच चित्रातली परी पाहा: बारीक, जवळजवळ एकसारखी रेषा, छायारेघा नावालाच. खरी गंमत या विरोधात आहे. सगळीकडे सारख्याच रेघा ओढल्या की झाड आणि परी दोघंही गोणपाटाचे दिसतात.

साहित्य थोडंच लागतं. हॉट प्रेस, म्हणजे गुळगुळीत पृष्ठभागाचा, 300 जीएसएम (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम) कागद घ्या. खरखरीत कागदावर निब अडकते आणि शाईचे शिंतोडे उडतात. शाई वॉटरप्रूफ हवी. फाउंटन पेनची साधी शाई वॉशखाली, म्हणजे पाणी घालून पातळ केलेल्या रंगाच्या थराखाली, पसरते. शंका असेल तर त्याच कागदाच्या कपट्यावर रेघ ओढा, पूर्ण सुकू द्या आणि वरून ओला ब्रश फिरवा. जलरंग चार पुरेत: यलो ऑकर, रॉ अंबर, बर्न्ट सिएना आणि इंडिगो.

पेन्सिलचं कच्चं रेखाटन अगदी फिकं ठेवा. त्यावर शाई चढवा, रात्रभर सुकू द्या, मगच मऊ खोडरबर फिरवा. घाई केली तर काळा डाग कायमचा. मग कागद चारही बाजूंनी टेपने बोर्डावर घट्ट चिकटवा आणि रॉ अंबरचा पहिला वॉश द्या. तो सुकल्यावर कोऱ्या कागदापेक्षा जेमतेम गडद दिसावा. चेहरा, हात, आकाशाचा तुकडा अशा उजेडाच्या जागा ओल्यातच टिश्यूने टिपून घ्या. पुढचे चार-पाच थर असेच पातळ द्या, प्रत्येक थर पूर्ण सुकल्यावर.

चित्र चिखलासारखं झालं तर रंगांना दोष देऊ नका. बहुतेक वेळा खालचा थर ओला असताना त्यावर ब्रश घासलेला असतो, किंवा गडदपणा एकाच थरात आणायचा प्रयत्न झालेला असतो. गडद जागा शाईच्या रेघांनी आधीच गडद केलेली हवी. रंगाने तिला फक्त ऊब द्यायची. डिजिटलवाल्यांनाही हाच क्रम लागू आहे: रेषांचा लेयर वेगळा, खाली मल्टिप्लायमधले (खालचा रंग गडद करत मिसळणाऱ्या मोडमधले) पातळ लेयर. जुनाट कागदाचं टेक्स्चर लावून शैली येत नाही, त्याचा नाद सोडा.

आकृत्या जमत नसतील तर 1919 सालच्या ‘सिंड्रेला’ आणि 1920 सालच्या ‘स्लीपिंग ब्यूटी’मधली छायाकृतींची चित्रं समोर घेऊन बसा. तिथे आतला तपशील जवळपास नसतोच. हनुवटी, बोटं, झग्याची कड यांवरूनच माणूस काय करतोय ते कळतं. तुमचं स्वतःचं रेखाटनही असंच आतून पूर्ण काळं करून पाहा. हावभाव कळला नाही तर शाई चढवण्याआधी पोझ बदला.

अभ्यासाच्या प्रती पोर्टफोलिओत ठेवायच्या असतील तर प्रत्येकीखाली ‘रॅकहॅमवरून’ असं आणि मूळ चित्राचं नाव लिहा. शेजारी त्याच पद्धतीने काढलेलं, पण पूर्णपणे तुमच्या विषयाचं एक चित्र लावा. काम देणारा आधी तेच पाहतो.