एकाच पातेल्यात चौघांचं पथ्य

आमच्या घरात माणसं चार आणि पथ्यं तीन. अण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रक्तदाब. त्यांना मीठ कमी. बायकोला मधुमेह. मुलीला सिलिअ‍ॅक. गहू, बार्ली आणि राय या धान्यांतलं ग्लुटेन पोटात गेलं की तिच्या आतड्याच्या अस्तराला इजा होते, म्हणून तिला ते कणभरसुद्धा चालत नाही. संध्याकाळचा स्वयंपाक गेली सहा वर्षं माझ्याकडे आहे.

पहिले दोन महिने मी रोज तीन वेगवेगळे स्वयंपाक करत होतो. जेवायला साडेनऊ वाजायचे, आणि दमलेल्या हातून चुका व्हायच्या. एकदा अण्णांच्या बिनमिठाच्या भाजीतला डाव आमच्या भाजीत गेला. त्यात काही बिघडलं नाही, पण हाच डाव गव्हाच्या पदार्थातून मुलीच्या भाजीत गेला असता तर, या विचाराने मला झोप लागली नाही. तेव्हापासून पद्धत बदलली. घरात कुणा एकालाही जे चालत नाही, ते पातेल्यात जातच नाही. ज्याला जे चालतं आणि हवं आहे, ते त्याच्या ताटात वरून वाढायचं. पातेलं एकच.

आमचं नेहमीचं पातेलं असं. मसूर एक कप, म्हणजे साधारण 200 ग्रॅम. निवडताना त्यात गव्हाचा दाणा नाही ना, हे ताटात पसरून बघतो, कारण धान्यं आणि डाळी एकाच जागी भरल्या जातात तिथे असे दाणे येतात. जाड बुडाच्या पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, त्यात दोन कांदे बारीक चिरून मंद आचेवर परतायचे. इथे घाई करायची नाही. पंधरा मिनिटं तरी द्यायची, कांदा कडेने तपकिरी व्हायला लागला पाहिजे. मीठ कमी असलं की चवीची बाजू कांद्याने सांभाळायची असते, आणि पाच मिनिटांत पांढरा राहिलेला कांदा ती सांभाळू शकत नाही. मग सहा पाकळ्या लसूण, ठेचलेली मिरी, दोन गाजरं, दोन टोमॅटो. टोमॅटो तेल सोडेपर्यंत परतून मसूर आणि चार कप पाणी. झाकण ठेवून पंचवीस मिनिटं. शेवटी दोन मुठी पालक, अर्धा छोटा चमचा मीठ आणि गॅस बंद केल्यावर एका लिंबाचा रस. आंबटपणामुळे कमी मीठही जास्त जाणवतं. लिंबामुळे आणखी एक फायदा होतो. डाळी आणि पालेभाज्यांतलं लोह शरीराला सहज मिळत नाही, 'क' जीवनसत्त्वाबरोबर ते जास्त शोषलं जातं. सिलिअ‍ॅक असलेल्या मुलांमध्ये लोहाची कमतरता वरचेवर आढळते, त्यामुळे आमच्याकडे लिंबू चुकत नाही.

मिठाचं सांगायचं तर मी ते डब्यातून चिमटीने घालणं बंद केलं. जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे की मोठ्या माणसाने दिवसाला 5 ग्रॅमपेक्षा कमी मीठ खावं, म्हणजे सपाट भरलेल्या छोट्या चमच्याहून थोडं कमी. मी रोज सकाळी एका वाटीत सपाट दोन छोटे चमचे, म्हणजे सुमारे 12 ग्रॅम मीठ काढून ठेवतो. दिवसभरात चौघांसाठी जे काही शिजेल त्याचं मीठ त्याच वाटीतून. माणशी तीन ग्रॅम झाले. बाकीची जागा ब्रेड, चीज, सॉस यांतून येणाऱ्या मिठाला सोडलेली. तुमच्याकडे आणखी कमी सांगितलं असेल तर वाटीत तेवढंच घ्या. वाटी नसताना आपण किती घालतो याचा अंदाज मला कधीच बरोबर आला नव्हता.

एका दिवसात मात्र मीठ तोडू नका. मी तसं केलं आणि अण्णा आठवडाभर दोन घासांवर उठले. त्या वयात उपाशी राहणंही वाईटच. नंतर दर आठवड्याला थोडं थोडं कमी केलं. जिभेला नव्या चवीची सवय व्हायला काही आठवडे लागतात, तेवढे तिला द्यावेत.

बाजारात 'कमी सोडियम' म्हणून जे मीठ मिळतं, त्यात बहुतेकदा सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं. मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा रक्तदाबाची काही विशिष्ट औषधं चालू असतील तर रक्तातलं पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. अण्णांच्या डॉक्टरांनी त्यांना ते नको सांगितलं, म्हणून आम्ही आणत नाही. तुम्ही विचारल्याशिवाय आणू नका. आणि कडधान्य लवकर शिजावं म्हणून खायचा सोडा घालायची सवय असेल तर ती सोडा. त्यातही सोडियमच आहे. डबाबंद कडधान्य वापरलंच तर चाळणीत ओतून वाहत्या पाण्याखाली धुवा, बरंच मीठ निघून जातं.

चाळणीवरून आठवलं. मुलीचं पथ्य सुरू होऊन चार महिने झाले तरी तिचं पोट दुखायचं थांबत नव्हतं. जेवणातली प्रत्येक गोष्ट मी तपासली होती. शेवटी कारण सापडलं ते चाळणीत. गव्हाचं पीठ आम्ही जिच्यातून चाळायचो, तिच्यातच तिच्यासाठी तांदूळ धुवायचो. जाळीत अडकलेलं पीठ घासूनही निघत नाही. लाकडी उलथनं, लाटणं, चरे पडलेला प्लास्टिकचा पाट, टोस्टर यांचंही तसंच. या वस्तू तिच्यासाठी नव्या घेतल्या आणि त्यांच्या मुठींना लाल फीत गुंडाळली. घरात कुणालाही सांगावं लागत नाही, लाल फीत दिसली की हात थांबतो. स्टीलची भांडी साबणाने नीट घासली की पुरतात. सोया सॉसमध्ये बहुधा गहू असतो, तयार मसाल्यांत आणि सूपच्या पाकिटांत पीठ असू शकतं. पाकीट प्रत्येक वेळी वाचायचं, मागच्या महिन्यात वाचलं होतं म्हणून सोडायचं नाही. ओट्स मुळात ग्लुटेनचे नाहीत, पण शेतात आणि गिरणीत गव्हाबरोबर मिसळतात, म्हणून फक्त ग्लुटेनमुक्त लिहिलेलेच. तेही काही जणांना सोसत नाहीत.

रात्रीचं जेवण आमच्याकडे सगळ्यांसाठीच बिनगव्हाचं असतं. गव्हाचं ज्यांना हवं ते सकाळी खातात, वेगळ्या ओट्यावर. मुलीला आपलं ताट निराळं आहे असं रोज वाटू नये, हे मला पथ्याइतकंच महत्त्वाचं वाटतं.

इथे एक पेच येतो. तयार ग्लुटेनमुक्त ब्रेड आणि पिठं बऱ्याचदा नुसत्या स्टार्चची असतात, तंतू फार कमी. मुलीला ती चालतात, पण बायकोची साखर चढते. दोघींना चालणारी वस्तू म्हणजे अख्खं धान्य: ब्राऊन राइस, ज्वारी, बाजरी. त्याचंही प्रमाण हवंच. बायकोचं ताट नऊ इंची आहे. अर्ध्या ताटात पालेभाजी, फ्लॉवर, काकडी, बीन्स असं काहीतरी; बटाटा आणि मका या अर्ध्यात धरायचे नाहीत. पाव ताटात डाळ, अंडं किंवा मासा. उरलेल्या पावात भात. ती आधी भाजी आणि डाळ खाते, भात शेवटी. याच क्रमाने जेवल्यावर तिची दोन तासांनंतरची साखर कमी येते, आम्ही ती वहीत लिहून ठेवली आहे. डाळीतही कर्बोदकं असतात, त्यामुळे डाळ दुप्पट घेतली की भात कमी करायचा. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर भात एकदम बंद करू नका, डोस तोच राहिला तर साखर खाली घसरते.

माझ्या आणि मुलीच्या ताटात बायकोपेक्षा भात जास्त, मुलीला वर एक चमचा तूप, मला वाटीतलं चिमूटभर मीठ. अण्णांना लिंबाची जास्तीची फोड आणि भाजलेल्या तिळांची पूड.

रविवारी दोन पातेली करतो, एक फ्रीजसाठी. शिजलेलं अन्न दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उथळ डब्यात, म्हणजे लवकर गार होतं. डाळ तीन दिवस चालते. भात मात्र दुसऱ्याच दिवशी संपवायचा. त्यातले काही जिवाणू शिजूनही तग धरतात आणि भात बाहेर राहिला की विष तयार करतात. ते पुन्हा गरम करून जात नाही.

मसुराऐवजी राजमा करणार असाल तर रात्रभर भिजवा, ते पाणी फेका, आणि नव्या पाण्यात निदान दहा मिनिटं खळखळून उकळल्यावरच आच कमी करा. कच्च्या राजम्यातलं लेक्टिन मंद आचेवर नष्ट होत नाही, आणि चार-पाच दाण्यांनीही उलट्या होऊ शकतात.