लिव्हर-किडनी जपायला काही घेताय? या चुका टाळा

मोठं औषध सुरू झालं की सोबत ‘लिव्हर सांभाळणारं’ काहीतरी घ्यावंसं वाटतं. त्यात गैर काही नाही. औषधांमुळे यकृत, मूत्रपिंड, हृदय, कान, नसा यांना इजा होऊ शकते, आणि काही औषधांवर नेमकं संरक्षण देणारी दुसरी औषधं खरोखर आहेत. पण ही संरक्षणं ठरलेल्या जोडीतच काम करतात: अमुक औषध, अमुक अवयव, अमुक वेळ. जोडी जुळली नाही तर संरक्षण म्हणून घेतलेली गोळी यकृताला निस्तरावं लागणारं आणखी एक रसायन ठरते. बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

एकाच गोळीने सगळे अवयव सुरक्षित झाले असं समजणं

क्षयरोगावरच्या आयसोनियाझिडसोबत व्हिटॅमिन बी-६ दिलं जातं. आयसोनियाझिडमुळे शरीरातलं बी-६ कमी पडतं आणि हातापायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. तो त्रास बी-६ टाळतं. त्याच आयसोनियाझिडमुळे होणारी कावीळ मात्र बी-६ थांबवू शकत नाही. नसांचं संरक्षण आणि यकृताचं संरक्षण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बी-६ चालू आहे म्हणून यकृताच्या तपासण्या टाळणारा माणूस चुकीच्या आधारावर निर्धास्त असतो.

मेस्ना या संरक्षक औषधाचंही तसंच. सायक्लोफॉस्फामाइड या कर्करोगावरच्या औषधापासून तयार होणारं अ‍ॅक्रोलिन मूत्राशयाच्या अस्तराला भाजतं. मेस्ना लघवीत उतरून अ‍ॅक्रोलिनला बांधून टाकतं. मूत्राशय वाचतं, पण अस्थिमज्जेवरचा परिणाम कमी होत नाही. वेदनाशामकांसोबत दिली जाणारी अ‍ॅसिडिटीची गोळी जठराला अल्सरपासून वाचवते, मूत्रपिंडाला नाही. रक्तदाबाची काही औषधं (एसीई इनहिबिटर किंवा एआरबी), लघवी वाढवणारी गोळी आणि आयबुप्रोफेनसारखं वेदनाशामक अशी तिन्ही एकत्र आली तर मूत्रपिंड अचानक निकामी होण्याचा धोका वाढतो. तिथे पोटाची गोळी काहीच करू शकत नाही. वेदनाशामक टाळणं हाच खरा बचाव.

वेळ हातची जाऊ देणं

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती पॅरासिटामॉलची, कारण ते निरुपद्रवी वाटतं. नेहमीच्या डोसमध्ये त्याचा थोडा भाग यकृतात विषारी पदार्थात बदलतो आणि ग्लुटाथायॉन हा शरीरातलाच पदार्थ त्याला लगेच निकामी करतो. डोस फार वाढला की ग्लुटाथायॉनचा साठा संपतो आणि ते विष यकृताच्या पेशींवर तुटून पडतं. यावर एन-असेटिलसिस्टीन हा उत्तम उतारा आहे. ग्लुटाथायॉन पुन्हा तयार करायला लागणारा कच्चा माल तो पुरवतो. पहिल्या ८ तासांत मिळाला तर तो सर्वाधिक परिणामकारक ठरतो.

घात होतो तो इथे: पहिल्या दिवशी रुग्णाला बहुधा थोडी मळमळ होते, किंवा काहीच होत नाही. यकृताची इजा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसू लागते. म्हणून ‘बरं वाटतंय, बघू उद्या’ असं म्हणू नका. डोस जास्त गेल्याची शंका आली की लक्षणांची वाट न बघता रुग्णालय गाठा. प्रौढांसाठी २४ तासांत ४ ग्रॅम ही वरची मर्यादा आहे. वजन कमी असेल, दारूचं प्रमाण जास्त असेल किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टर ती आणखी खाली आणतात. सर्दीच्या गोळीत, तापाच्या गोळीत आणि अंगदुखीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असू शकतं, त्यामुळे प्रत्येक पाकिटावरचे घटक वाचून बेरीज करा.

वेळेचं गणित उलटही असतं. सिस्प्लॅटिन या कर्करोगावरच्या औषधामुळे मुलांची श्रवणशक्ती जाऊ नये म्हणून सोडियम थायोसल्फेट देतात, पण सिस्प्लॅटिन संपल्यावर ६ तासांनी. आधी दिलं तर ते सिस्प्लॅटिनलाच निकामी करू शकतं, आणि कान वाचवण्याच्या नादात कर्करोगावरचा मारा बोथट होतो.

उंदरावरचा निकाल माणसावर लावणं

डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधामुळे हृदयाला होणारी इजा व्हिटॅमिन ई कमी करतं, हे १९७७ साली उंदरांत दिसलं होतं. माणसांत तो फायदा मिळाला नाही. हृदयासाठी उपयोगी ठरलं ते डेक्स्राझोक्सेन हे वेगळं औषध. ज्या एन-असेटिलसिस्टीनचं वर कौतुक केलं, तेच अँजिओग्राफीच्या रंगद्रव्यापासून मूत्रपिंड वाचवेल म्हणून वर्षानुवर्षं दिलं गेलं. २०१८ साली सुमारे ५,००० रुग्णांवरच्या चाचणीचे निकाल आले, तेव्हा निष्क्रिय गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही.

सिलिमरिनच्या (मिल्क थिसल या वनस्पतीच्या अर्काच्या) कॅप्सूलबद्दल बोलताना विषारी अळंबीमुळे झालेल्या विषबाधेवरच्या उपचाराचा दाखला दिला जातो. तिथे वापरलं जातं ते सिलिमरिनमधलंच सिलिबिनिन, पण शिरेतून दिलेलं. कॅप्सूल ही वेगळी गोष्ट आहे.

‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक असं धरून चालणं

१९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी घेतलेल्या वनस्पतींमधल्या अ‍ॅरिस्टोलोकिक अ‍ॅसिडमुळे अनेक स्त्रियांची मूत्रपिंडं निकामी झाली. ग्रीन टीच्या अर्कातलं ईजीसीजी हे रसायन सप्लिमेंट म्हणून दिवसाला ८०० मिलिग्रॅमच्या वर गेलं की रक्तातली यकृताची एन्झाइम्स (यकृताला इजा होत असल्याची खूण) वाढू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली सांगितलं. अश्वगंधेच्या सप्लिमेंटमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत.

हळदीतल्या कुरक्युमिनचं उदाहरण मला फार महत्त्वाचं वाटतं. ते आतड्यातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून कॅप्सूलमध्ये मिरीतलं पायपरिन घालतात. शोषण वाढतं, पण पायपरिन इतर औषधांचं विघटनही मंदावू शकतं. आणि अशा जास्त शोषल्या जाणाऱ्या हळदीच्या सप्लिमेंटमुळे यकृताला सूज आलेले रुग्ण नोंदले गेले आहेत. यकृतासाठी घेतलेली गोळी यकृतावरच उलटते, ती अशी.

सेंट जॉन्स वर्ट ही वनस्पती उलट दिशेने काम करते: प्रत्यारोपणानंतर दिल्या जाणाऱ्या सायक्लोस्पोरिनची रक्तातली पातळी ती खाली आणते, आणि प्रत्यारोपित मूत्रपिंड शरीराकडून नाकारलं जाऊ शकतं.

संरक्षण आहे म्हणून डोसकडे दुर्लक्ष करणं

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर दुष्परिणाम कमी करायला सोबत दिलेल्या फॉलिक अ‍ॅसिडच्या गोळीवर भिस्त ठेवता येत नाही. अशी चूक जिवावर बेतू शकते. आठवड्याचा तो वार गोळ्यांच्या पाकिटावर ठळक लिहून ठेवा.

गडबड झाल्याची शंका आली तर

गडद लघवी, पिवळे डोळे, अंगाला खाज, अचानक अन्नावरची वासना जाणं, लघवी कमी होणं यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. यकृताची एन्झाइम्स वाढलेली असताना बिलिरुबिनही (काविळीत वाढणारं पिवळं द्रव्य) वाढलं असेल तर ते गंभीर मानलं जातं. अशा वेळी सप्लिमेंट आधी बंद करा. डॉक्टरांनी दिलेलं औषध थांबवायचं की नाही, हे मात्र त्यांना विचारूनच ठरवा. जाताना सगळ्या बाटल्या आणि पाकिटं घेऊन जा, सप्लिमेंटसुद्धा, आणि प्रत्येक गोष्ट कोणत्या तारखेला सुरू केली ते लिहून न्या. औषधामुळे यकृताला इजा झाली हे सिद्ध करणारी एकच अशी रक्ततपासणी नाही. डॉक्टर इतर कारणं एकेक करून बाजूला सारतात आणि तारखा जुळवून पाहतात, म्हणून तुमची ती यादी रिपोर्टइतकीच कामाची असते.