ठाणे खाडीतले रोहित (फ्लेमिंगो) पाहायचे असतील, तर आधी भरती पाहा

खाडीवर पक्षी पाहायला जाताना सुट्टी कधी आहे ते नंतर बघा, आधी भरती कधी आहे ते बघा. मी पहिल्यांदा शिवडीला गेले ती नेमकी भर ओहोटीला. समोर नजर पोहोचेल तिथवर चिखल आणि त्याच्याही पलीकडे एक गुलाबी रेघ. पुढच्या खेपेला वेळ साधून गेले, तर तेच रोहित दुर्बिणीशिवाय ओळखू येत होते.

ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झालं, २०२२ मध्ये त्याला रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता, मिळाला. क्षेत्र सुमारे सतरा चौरस किलोमीटर, आणि तेही दोन महानगरांच्या मधोमध. रोहित इथे साधारण नोव्हेंबरपासून मेपर्यंत असतात. मला विचाराल तर फेब्रुवारी-मार्च गाठा. थवे मोठे असतात आणि ऊनही सोसवतं.

आता वेळ कशी काढायची? कोकणात कोळीबांधव वापरतात तो हिशोब सोपा आहे: तिथीच्या आकड्याला पाऊणपट करा, भरतीची वेळ मिळते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती, दुपारी बाराला ओहोटी. द्वादशी-त्रयोदशीला सकाळी नऊ ते पावणेदहा. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, हिशोब तोच. खाडीच्या आत पाणी थोडं उशिरा चढतं, म्हणून हा अंदाज समजा आणि जायच्या आदल्या दिवशी भरती-ओहोटीच्या तक्त्यावर खात्री करून घ्या. किनाऱ्यावरून पाहणार असाल तर भरतीच्या दोन-तीन तास आधी पोहोचा. पाणी वर सरकतं तसे पक्षीही चिखलावरून मागे हटत तुमच्याकडे येतात. पूर्ण भरती झाली की चिखल बुडतो आणि ते दुसरीकडे विसाव्याला जातात.

जागा ठरवताना उन्हाची दिशाही बघा. ऐरोली खाडीच्या पूर्व काठावर आहे, त्यामुळे तिथे सकाळी ऊन पाठीशी असतं आणि पक्ष्यांचे रंग खुलतात. शिवडी पश्चिम काठावर, तिथे दुपारनंतरच जा. सकाळी गेलात तर नुसत्या काळ्या आकृत्या दिसतील. ऐरोली स्टेशनवरून रिक्षाने वनविभागाच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रावर जाता येतं. बोटीची फेरी तिथूनच निघते. तिच्या वेळा भरतीप्रमाणे रोज बदलतात आणि पावसाळ्यात ती बंद असते, म्हणून नोंदणी आधी करा.

सोबत ८ बाय ४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगाची) दुर्बीण, टोपी, भरपूर पाणी आणि पूर्ण बाह्यांचे मळकट रंगाचे कपडे घ्या. कांदळवनात डास असतात. पांढरा किंवा भडक रंग नको.

थवा दिसला की लगेच फोटोला लागू नका, पाच मिनिटं नुसती चोच बघा. फिकट गुलाबी चोच आणि टोक तेवढं काळं, तर तो मोठा रोहित. चोच गडद किरमिजी आणि अंगाने लहान, तर छोटा रोहित. इथे जास्त करून हाच भेटतो. तो मान खाली सोडून डोकं उलटं करतो, चोचीची वरची बाजू चिखलाकडे. जीभ पिचकारीसारखी पाणी आत ओढते, बाहेर ढकलते आणि चोचीच्या कडेची गाळणी त्यातलं शेवाळ अडवते. अंगावरचा गुलाबी रंग याच खाण्यातून येतो. थव्यात राखट रंगाचे पक्षी दिसले तर ती अजून रंग न चढलेली पिल्लं समजा. रोहितांच्या आगेमागे शेकाट्या, कुरव, सुरय, चित्रबलाकही असतात. त्यांना डावलू नका.

एक गोष्ट मनापासून सांगते. चरताना रोहितांच्या माना खाली असतात. सगळ्या माना एकदम वर उठल्या आणि थवा एकाच दिशेने चालू लागला, की तो बिचकलाय. तिथेच थांबा, बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. उडणाऱ्या थव्याच्या फोटोसाठी टाळ्या वाजवणारे, ‘अजून जवळ घ्या’ म्हणणारे मी पाहिलेत. मला त्याचा फार त्रास होतो. चरायला मिळणारे तास भरतीने आधीच मोजून दिलेले असतात. त्यातली दहा मिनिटं आपण उडवून लावली तर ती भरून निघत नाहीत. ड्रोन तर आणूच नका.

परत येताना घाई करू नका. जेट्टीपाशी तिवरांची श्वासमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर आलेली असतात, त्यांच्यामध्ये डोळे वटारून बसलेल्या निवट्या (चिखलात राहणारे छोटे मासे) शोधा. सावली पडली की टुणकन बिळात जातात. जरा वेळ स्थिर उभं राहिलात तर आधी दोन डोळे, मग डोकं, असं करत पुन्हा वर येतात.