युरोपच्या संरक्षणाच्या बातम्या लिहिताना या चुका टाळा

डेस्कवर नवी येणारी पोरं हुशार असतात, पण सगळ्यांना भारी घाई. "युरोपियन संसद म्हणजे त्यांची लोकसभाच ना?" असं म्हणतात आणि तिथेच गाडी घसरते.

२३ नोव्हेंबर २०२२. युरोपियन संसदेनं ४९४ विरुद्ध ५८ मतांनी रशियाला दहशतवादाचा पुरस्कर्ता म्हणणारा ठराव केला. आमच्या एकानं मथळा ठोकला, 'युरोपचा निर्णय'. पान माझ्याही नजरेखालून गेलं होतं. सकाळी एका निवृत्त प्राध्यापकांचा फोन आला, "निर्णय घेतला कुणी म्हणता?" ठराव बंधनकारक नव्हता, आणि तसं जाहीर करायला युरोपियन युनियनकडे, म्हणजे ही संसद ज्या देशसंघाची त्याच्याकडे, कायदेशीर चौकटच नव्हती. दुसऱ्या दिवशी खुलासा छापला, आतल्या पानावर, दिसेल न दिसेल असा.

लष्करी मोहीम ठरवते ती सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद, तीही एकमतानं. संसदेला माहिती द्यायची, मुख्य मुद्द्यांवर तिचं मत विचारायचं, वर्षातून दोनदा तिथे चर्चा व्हायची, एवढंच युनियनच्या करारात आहे. शिवाय लष्करी मोहिमांचा खर्च युनियनच्या अंदाजपत्रकातून करता येत नाही, म्हणजे तिजोरीची किल्लीही संसदेच्या हाती नाही. २०२५ मध्ये शस्त्रखरेदीसाठी १५० अब्ज युरोंची कर्जयोजना आणीबाणीच्या कलमाखाली तिला वगळून मंजूर झाली, तेव्हा ती थेट न्यायालयात गेली.

दुसरी चूक: 'युरोपातल्या देशांना बाहेर सैन्य पाठवायला आपापल्या संसदेची परवानगी लागते.' कुठल्या देशात, बाबा? जर्मनीत लागते. १९९४ मध्ये घटना न्यायालयानं तसं सांगितलं, २००५ मध्ये कायदा झाला. बुंडेस्टाग, म्हणजे जर्मन संसद, सरकारच्या प्रस्तावात काना-मात्राही बदलू शकत नाही, हो किंवा नाही एवढंच म्हणते. पण दिलेली संमती मागे घेऊ शकते. फ्रान्समध्ये सरकार संसदेला तीन दिवसांत कळवतं आणि मोहीम चार महिन्यांपुढे गेली तरच मतदान. ब्रिटनमध्ये कायदाच नाही, नुसता प्रघात. २०१३ मध्ये सीरियावरच्या कारवाईसाठी पंतप्रधान कॅमेरून संसदेत २७२ विरुद्ध २८५ असे हरले आणि थांबले. २०१८ मध्ये पंतप्रधान थेरेसा मे यांनी संसदेला न विचारताच सीरियावर हल्ले केले.

तिसरी चूक: स्ट्रासबर्गची ४६ देशांची 'युरोप परिषद' म्हणजे वरची मंत्र्यांची परिषद नव्हे, ती युनियनचीच नव्हे. नावं सारखी दिसली म्हणून खपवू नका.

मी अजूनही कागदावर तीन रकाने पाडतो: ठरवतं कोण, पैसे कुणाचे, नुसतं बोलतं कोण. पोरं हसतात. तिसऱ्या रकान्यातलं नाव मथळ्यात कर्ता म्हणून आलं, की पान परत पाठवतो.