केस, नखं आणि वुजू: या चुका टाळा

केस कापल्यावर वुजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुऊन केलेली शुद्धी) तुटतो का, हे विचारणारे मला हमखास भेटतात. डोक्यावर जेल थापलेलं असताना मसह (वुजूत डोक्यावरून ओला हात फिरवणं) होतो का, हे मात्र क्वचितच कुणी विचारतं. पहिल्याचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. केस कापा, नखं काढा, मिशी कोरा, वुजू कायम राहतो. नको तिथे धास्ती आणि हवी तिथे ढिलाई, अशी आपली गत आहे.

वुजू आणि गुस्ल (शुद्धीसाठीची पूर्ण अंघोळ) यांचा सगळा हिशेब पाणी पोहोचण्यावर आहे. रंग पाण्याच्या आड येत नाही, थर येतो. मेहंदी धुतल्यावर उरतो तो नुसता रंग. केसांच्या डायचंही तेच. नेलपॉलिश मात्र नखावर कवच धरते, तिच्याखाली पाणी जात नाही. ऑइलपेंटचा ठिपका किंवा वाळलेला गोंदही तसाच. शंका आली तर नखाने खरवडून बघा: पापुद्रा निघाला तर थर आहे, आधी काढा. वाळलेल्या जेलवर नख ओढलं की पांढरी भुकटी निघते ना, तीच ही भानगड. तेलाला मात्र उगाच घाबरू नका. तेलकट केसांवरून पाणी थेंबाथेंबाने घरंगळतं म्हणून वुजू झालाच नाही असं वाटतं, पण तेलकटपणा म्हणजे थर नव्हे.

मसहमध्ये आणखी एक चूक होते. लांब केस असले की हात पाठीवर लोंबणाऱ्या वेणीवरून फिरतो आणि डोकं कोरडंच राहतं. मसह डोक्याचा आहे. किती भागाचा, यावर मसलकांमध्ये, म्हणजे फिकहच्या (धर्मनियमांच्या) परंपरांमध्ये, फरक आहे: हनफींमध्ये किमान चौथाई डोकं, शाफईंमध्ये थोडासा भागही चालतो, मालिकी आणि हंबली पूर्ण डोक्याचा आग्रह धरतात. मानेखाली रुळणाऱ्या केसांनी मात्र कुणाकडेच भागत नाही.

गुस्लचं म्हणाल तर प्रेषितांच्या पत्नी उम्मे सलमा (रजि.) यांनी थेट विचारलं होतं की मी वेणी घट्ट घालते, जनाबतच्या (शरीरसंबंधानंतरच्या अशुद्धीच्या) गुस्लसाठी ती सोडू का? प्रेषितांनी (स.) सांगितलं, नको, डोक्यावर तीन ओंजळी पाणी घाल, पुरे. 'सही मुस्लिम' या संग्रहातली ही हदीस (प्रेषितांच्या बोलण्या-वागण्याची नोंद). सवलत वेणी सोडण्यापुरती आहे, मुळं कोरडी ठेवण्याची नाही. घाईत शॉवरखाली उभं राहिलं की दाट केसांवरून पाणी वरच्यावर वाहून जातं. कानामागे आणि मानेच्या वर बोट घालून पाहिलं तर ठणठणीत कोरडं. प्रेषित (स.) स्वतः आधी ओली बोटं केसांच्या मुळांत फिरवत आणि मग पाणी ओतत. आणि बन बांधणाऱ्या मुलांनो, हनफी फिकहमध्ये ही सवलत बायकांसाठी आहे. तुम्ही केस सोडायचे.

नखं, मिशी, काखेतले आणि नाभीखालचे केस यांच्यासाठी 40 दिवसांची हद्द प्रेषितांचे सोबती अनस (रजि.) यांच्या हदीसमध्ये आली आहे. काही जण तिला वेळापत्रक समजून चाळिसाव्या दिवसाची वाट बघत बसतात. ती शेवटची हद्द आहे. आठवड्याला उरकलेलं उत्तम.

कुर्बानीचा इरादा असेल तर जिलहजचा (बकरी ईदच्या महिन्याचा) चांद दिसल्यापासून कुर्बानी होईपर्यंत केस-नखं कापू नयेत, अशीही हदीस आहे. आठवण होते ईदच्या आदल्या रात्री, न्हाव्याच्या खुर्चीत बसल्यावर. चुकून कापले तर कुर्बानी वाया जात नाही. पण 40 दिवस भरत आले असतील, तर चांद दिसण्याआधीच हात-पाय-मिशी उरकून घ्या म्हणजे दोन्हीकडची ओढाताण टळते.

कटिंगला गेल्यावर 'साइडला झिरो मार, वर राहू दे' म्हणण्याआधी मात्र थांबा. डोक्याचा काही भाग भादरून काही तसाच ठेवण्याला हदीसमध्ये 'कजा' म्हटलंय आणि त्याला मनाई आहे. (सुटलेल्या नमाजेच्या कजाशी याचा संबंध नाही, देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात एवढंच.) कडेचे केस बारीक करणं वेगळं, पार कातडी दिसेपर्यंत भादरणं वेगळं. न्हाव्याला नंबर सांगताना हे लक्षात असू द्या.

राहता राहिला खिजाब, म्हणजे केस-दाढी रंगवणं. हिजरी 8 मध्ये, म्हणजे 630 साली, मक्का फतह झाली तेव्हा अबू बक्र (रजि.) यांचे वडील अबू कुहाफा यांना आणलं गेलं, डोकं आणि दाढी पांढरीशुभ्र. प्रेषित (स.) म्हणाले, हे बदला, पण काळा रंग टाळा. म्हणून मेहंदी पसंत केली जाते. गोची इथेच होते: 'काळी मेहंदी' नावाने विकली जाणारी पावडर बहुतेकदा मेहंदीच्या नावाखालचा रासायनिक डाय असते. खऱ्या मेहंदीचा रंग तांबूस येतो, काळाभोर नाही. या डायमधल्या पीपीडी या रसायनाने काहींच्या टाळूला आग होते, पापण्या सुजतात. पाकिटावरचे घटक वाचा, कानामागे थेंबभर लावून 48 तास थांबा, खाज सुटली तर ते पाकीट टाकून द्या.