कांदा शेतात आणि अवकाळीचा अंदाज

एप्रिलात आमच्या चांदवड भागात उन्हाळ कांद्याची काढणी जोरात असते आणि नेमका तेव्हाच अवकाळीचा अंदाज येतो. गेल्या वर्षी मी तो अर्धाच वाचला, म्हणून यंदा आधीच लिहून ठेवतोय.

अंदाज आपल्या जिल्ह्याचा बघा. 'तुरळक ठिकाणी' वाचून निवांत होऊ नका. हवामान खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ फार तर पाव भाग ठिकाणी पाऊस, आणि त्या पावात आपलं शिवार येतं का हे आदल्या दिवशी कुणीच सांगू शकत नाही. येलो अलर्ट म्हणजे लक्ष ठेवा, ऑरेंज म्हणजे तयार राहा. पण त्याच ओळीत पुढे वाऱ्याचा आकडा असतो, 'ताशी 40 ते 50 किलोमीटर'. तो वाचा. मी पाऊस वाचला, वारा सोडून दिला.

कांद्याच्या पोळीवर, म्हणजे शेतातच रचलेल्या ढिगावर, ताडपत्री टाकली, कडेनं विटा ठेवल्या आणि घरी आलो. संध्याकाळी पश्चिमेकडून धुळीचा लोट उठला. ताडपत्रीचं एक टोक फडफडलं, आत हवा शिरली, विटा घरंगळल्या. सकाळी ती शेजारच्या द्राक्षबागेच्या तारांत अडकलेली सापडली. पाऊस वीसच मिनिटं होता. वरून सुकलाय असं वाटून तो कांदा साठवणीच्या चाळीत भरला आणि जूनमध्ये चाळीखालून सडलेल्या कांद्याचं पाणी गळायला लागलं.

तेव्हा ताडपत्री बांधा. विटांवर भागवू नका. पोळीच्या दोन्ही अंगांना खुंट्या ठोका आणि नायलॉनची दोरी वरून आडवी, दर चार-पाच फुटांवर ओढून घ्या. कडेला मातीनं भरलेल्या गोण्या, पश्चिमेच्या अंगाला दुप्पट. दोरी आधीच आणून ठेवा, ढग आल्यावर दुकानात जाऊ नका. पोळ उंचवट्यावर घाला, भोवती चर काढा. पात न कापलेला, वाफ्यात पसरलेला कांदा असेल तर जेवढा गोळा होईल तेवढा दुपारच्या आतच करा. मजूर आदल्या रात्रीच सांगून ठेवावे लागतात, सकाळी मिळत नाहीत.

मोबाईलवर दामिनी ॲप घेऊन ठेवा, विजेची सूचना येते. गडगडाट ऐकू आला की शेतातून पक्क्या घरात या, ताडपत्री अर्धी राहिली तरी. झाडाखाली थांबायचं नाही, जनावरंही झाडाखाली बांधायची नाहीत. कांदा पुन्हा पिकेल.

बाकी चार्जिंग, बॅटरी, पाणी, वैरण झाकणं, ते ठाऊकच आहे.

पाऊस थांबला की ताडपत्री काढा, नाहीतर आत घाम धरतो. भिजलेला कांदा वेगळा करा, चाळीत नको, लवकर विका. नुकसान असेल तर हात लावण्याआधी फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. आणि आज रात्री दोऱ्यांच्या गाठी एकदा ओढून बघा.