मोम्पोउच्या छोट्या रचना वाजवताना या चुका टाळा

संगीतकार फ्रेडरिक मोम्पोउ (१८९३–१९८७) स्पेनमधल्या बार्सिलोनाचा. त्याच्या ‘गाणं आणि नृत्य’ या १५ जोडरचनांपैकी १३ वी गिटारसाठी, १५ वी ऑर्गनसाठी, बाकी पियानोसाठी. बहुतेकींत आधी एखादं कॅटलान, म्हणजे बार्सिलोनाच्या मुलखातलं, लोकगीत येतं, मागोमाग नाच. पानं मोजकी, सूर मोजके, म्हणून विद्यार्थी आठवडाभरात उरकायला बघतात आणि तिथेच फसतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे हळुवार वाजवायचं म्हणून बोटं घाबरत टेकवणं. पट्टी अर्धीच दबते, मधला एखादा सूर उमटतच नाही आणि चाल तुटते. पट्टी सावकाश दाबा, पण तळापर्यंत. सरावाला माझा एक उपाय आहे: चालीचे सूर, बहुधा उजव्या करंगळीकडचे, भरघोस वाजवा, त्याच हातातले बाकीचे सूर आवाज न काढता नुसते पट्ट्यांना शिवा. दहा मिनिटांत करंगळीला तिचं काम कळतं.

आवाज गढूळ होतोय? तर पेडल, म्हणजे सूर लांबवणारी पायपट्टी, तपासा. मोम्पोउच्या आजोळी घंटा ओतण्याचा कारखाना होता. टोला पडल्यावर मागे रेंगाळणारी गुंज त्याच्या कानात लहानपणापासून मुरलेली, आणि ती त्याच्या खर्जात ऐकू येते. डाव्या हाताचा फैलाव मोठा असला की आपण खालचा सूर आधी वाजवून वर सरकतो. पेडल त्यानंतर बदललं, म्हणजे सोडून पुन्हा दाबलं, तर नेमका तो खर्जच पुसला जातो. खालचा सूर लागताक्षणी, बोट पट्टीवर असतानाच पेडल बदला.

गाण्याचे शब्द माहीत करून न घेणं ही मला फार सलणारी चूक. आठव्या रचनेतलं गीत अमेलियाच्या मृत्युपत्राचं आहे: आईनंच आपल्याला विष दिलंय हे त्या मरणाऱ्या मुलीला ठाऊक आहे. हे कळल्यावर ती चाल कुणी गोड-गोड वाजवेल का? आधी गुणगुणा. जिथे श्वास संपतो तिथेच वाक्य संपवा, प्रत्येक मात्रेवर उसासे नकोत.

नाच सुरू झाला की मात्र ठेका धरा. त्याच आठव्या रचनेत पुढे सूत कातणारीचं गाणं येतं; आधीच्या दुःखाची संथ लय तिथे ओढत नेली, तर तिचं चाक फिरतच नाही.